घड्याळजींचा नंबर

अर्जाचं तिसरं पान उघडलं तेव्हा साडेचार वाजले होते. विमान शुक्रवारी संध्याकाळी सहाचं, आज मंगळवार, आणि प्रवास-परवानगीचा अर्ज निघण्याच्या बहात्तर तास आधी पोचला पाहिजे, असं वरच ठळक लिहिलेलं. घड्याळजी मात्र एकेक अक्षर चिमट्याने उचलून ठेवल्यासारखं टाइप करत होते. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला घाई कशी ती ठाऊक नसते.

"अहो, सहाच्या आत जाईल ना?" बायकोने विचारलं. ती शेजारच्या मशीनवर कुणाच्या तरी ब्लाउजला बाही लावत होती, पण टाके वाकडे पडत होते. सोमवारी परदेशात तिच्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. "शुद्धीवर येईन तेव्हा समोर तू हवीस," असं ताई फोनवर म्हणाली होती. अकरा वर्षांत भेट नव्हती आणि ताईने उभ्या जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"आता फक्त संपर्क उरलाय," घड्याळजी म्हणाले. त्यांनी मोबाइल नंबर भरला, 'पुढे' दाबलं आणि ओटीपीची वाट पाहत फोन समोर ठेवला.

दहा मिनिटं गेली. फोन ढिम्म. पडद्यावर आलं : 'मुदत संपली. तीनपैकी दोन प्रयत्न शिल्लक.'

"बघू कुठला नंबर भरलाय," म्हणत बायको उठून आली. तिने पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "शेवटी सात? तुमचा तर चार आहे!"

घड्याळजींनी भिंग डोळ्यावर चढवलं. अडचणीत आले की ते तेच करत.

गोष्ट अशी होती, की आठ वर्षांपूर्वी ते एका जुन्या घड्याळात केसाएवढी स्प्रिंग बसवत असताना कुणीतरी पाणी गाळायचं यंत्र विकायला फोन केला. फोन वाजला, हात हलला, स्प्रिंग उडाली ती आजतागायत सापडलेली नाही. त्या दिवसापासून घड्याळजी कुठल्याही अर्जात शेवटचा आकडा बदलून देत. दुकानात, वाचनालयात, लाँड्रीत, सगळीकडे. हाताला सवयच लागली होती.

"मग बदला ना पटकन!"

"बदलू देत नाहीये. 'क्रमांकाची खात्री झाल्याशिवाय बदल करता येणार नाही', म्हणतंय."

"म्हणजे चुकीचा नंबर बदलायला आधी तो बरोबर ठरवायचा?" बायकोने कपाळाला हात लावला. "लावा त्या नंबरला फोन. असेल कुणीतरी."

होतं. एका बाईने पहिल्याच घंटेला उचलला.

"नमस्कार. तुम्हाला आता एक ओटीपी येईल," घड्याळजी 'पुन्हा पाठवा' दाबत म्हणाले. "तो जरा मला सांगता का?"

"ओटीपी? लाज नाही वाटत? आवाज तर चांगला वयस्कर वाटतोय! थांबा, पोलिसांतच देते." फोन बंद.

त्यानंतर चार वेळा लावला. चारही वेळा कट. एक प्रयत्न उरला आणि सव्वापाच झाले. बायकोने फोन हिसकावला.

"ताई, ठेवू नका! मी त्यांची बायको. ते चोर नाहीत हो, नुसते विचित्र आहेत. आठ वर्षं सगळीकडे तुमचाच नंबर देतायत."

बाई हळूच म्हणाल्या, "घड्याळवाले?"

"तुम्ही ओळखता?"

"ओळखते म्हणजे? त्यांची चादर लाँड्रीतून आली की आधी मला कळतं! पण तेच कशावरून? द्या त्यांना. तीस वर्षं स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसलेय मी, खात्री केल्याशिवाय काही सांगत नाही."

बायकोने फोन स्पीकरवर टाकला.

"वाचनालयाचं कुठलं पुस्तक थकलंय?"

"राग कसा आवरावा, त्याचं," घड्याळजी पुटपुटले.

"चौदा मार्चला अकरा वाजता कुठे जायचं होतं?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात."

"गेलात?"

घड्याळजींनी भिंगातून छताकडे पाहिलं. "...नाही."

"बरोबर."

"मला तर म्हणालात, चष्म्याचा नंबर तोच आहे!" बायको कडाडली.

"तपासला नाही म्हणजे तोच राहिला ना."

"तुमचं भांडण नंतर," बाई म्हणाल्या. "पाठवा ओटीपी." आलेले सहा आकडे त्यांनी गाडीची वेळ सांगावी तसे दोनदा, खणखणीत सांगितले. खात्री झाली, पान उलटलं.

पुढच्या पानावर विचारलं होतं : सोबत प्रवास न करणारी, तातडीच्या वेळी फोन उचलणारी व्यक्ती.

"मुलाचं लिहा," बायको म्हणाली आणि स्वतःच थांबली. मुलगा फोन उचलत नसे. दोन दिवसांनी 'काय गं?' असा मेसेज करी. भाचा दर महिन्याला नंबर बदली. दोघांनी एकदमच टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. तो अजून चालूच होता.

"ऐकलंय मी," बाई म्हणाल्या. "लिहा माझा. नात्यात काय टाकणार?"

"मित्र किंवा इतर, एवढंच उरतंय."

"इतर नको. इतरांसाठी तीस वर्षं केलं."

घड्याळजींनी 'मित्र' निवडलं, त्यांचं नाव विचारून भरलं, नंबर भरला. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : 'अर्जदाराचा आणि या व्यक्तीचा क्रमांक एकच असू शकत नाही.'

पावणेसहा. बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. घड्याळजींनी एक खोल श्वास घेतला, संपर्काच्या पानावर गेले आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच एका अर्जात स्वतःचा खरा नंबर लिहिला. या वेळी ओटीपी समोरच्या फोनवरच आला. सहाला आठ मिनिटं असताना अर्ज गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला त्यांचा स्वतःचा फोन टिंगटिंगला. परवानगी मंजूर. बायकोने तिथल्या तिथे तिच्या फोनवरून ताईला गाठलं आणि दोघी बहिणी एकाच वेळी बोलू लागल्या. अनोळखी माणसाच्या एका फोनला आठ वर्षं भ्यालेल्या घड्याळजींनी दार लोटून घेतलं आणि शेवटी सात असलेला नंबर फिरवला.

"मंजूर झालं."

"हो का? छान." बाईंचा आवाज जरा खाली आला. "मला मेसेज नाही आला."

"आता इकडेच येणार ते."

"हो, ते बरोबरच आहे."

घड्याळजींनी भिंग डोळ्यावर चढवलं. "लाँड्रीचे मात्र अजून तुमच्याकडेच येतील," ते म्हणाले. "वाचनालयाचेही. तिथे जाऊन बदलायला मला इतक्यात वेळ नाही."

"काही घाई नाही," बाई म्हणाल्या. "मी घरीच असते."