झोझाफाचाचांचा साकव

निवडणुकांचा इतिहास शांत जागी बसून लिहावा लागतो, आणि जिथं निवडणुकाच होत नाहीत त्याहून शांत जागा कुठली असणार? म्हणूनच कॅनडातल्या सां-फिर्मां या फ्रेंच बोलणाऱ्या, बटाटे पिकवणाऱ्या आणि निम्मं वर्ष बर्फाखाली असणाऱ्या मतदारसंघाचा १८६७ ते १९८८ पर्यंतचा इतिहास सौदी अरेबियात, तबूकमधल्या एका बांधकाम कंपनीच्या कॅम्पात लिहिला गेला, यात नवल काहीच नाही. त्यासाठी नेमकी लढाईची वेळ सापडली, एवढाच काय तो योगायोग.

इतिहासकार दोन होते. पहिले मस्यू देरोशे, प्रकल्पाचे प्रमुख. (मस्यू म्हणजेच साहेब, पण कॅम्पात त्यांना मस्यूसाहेब म्हणत, नुसतं एकदा साहेब म्हणणं बरं दिसत नाही.) निवृत्त झाल्यावर सां-फिर्मांमधून उभं राहायचं त्यांच्या मनात होतं, आणि उभं राहायचं तर हातात ग्रंथ हवा. दुसरा इतिहासकार ताजुद्दीन, कोकणच्या किनाऱ्यावरचा, ऑफिसातला टायपिस्ट. मस्यूसाहेब बोलत आणि उरलेलं सगळं ताजुद्दीन करी. टाइपरायटर इंग्रजी असल्यामुळं इतिहासही इंग्रजीत झाला.

ताजुद्दीनची रजा सप्टेंबर नव्वदपासून होती. ऑगस्टात इराकची फौज कुवेतमध्ये शिरली आणि त्याच आठवड्यात मस्यूसाहेबांना इतिहासाची घाई झाली. रजेच्या कागदावर आधी त्यांची सही, मग कफीलचा, म्हणजे तिथल्या जामीनदार मालकाचा शिक्का, मग कंपनीच्या कपाटातून पासपोर्ट, असा क्रम होता. पहिल्या पायरीवर मस्यूसाहेब उभे होते.

"आधी इतिहास, मग सही," ते म्हणाले. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता, फक्त पद्धतशीर होता.

घरी अमिरुन्निसा होती, आणि निदा होती. निदाला ताजुद्दीननं फक्त फोटोत पाहिलं होतं. अमिरुन्निसाचं पत्र तीन आठवड्यांनी आलं: पोर चालायला लागली, आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येक दाढीवाल्याला अब्बा म्हणते. तुमचा फोटो दाखवून मीच शिकवलं, आता आवरत नाही. काल मासेवाल्याला म्हणाली. ताजुद्दीननं पत्र खिशात ठेवलं आणि १८७२ ची निवडणूक टाइप करायला घेतली.

सां-फिर्मांचा इतिहास अवघड नव्हता. चौतीस निवडणुका झाल्या. सव्वीस वेळा लाल पक्ष आला, सात वेळा निळा, एकदाचं पुढं येईल. लाल पक्ष आला की रस्ता व्हायचा राहून जाई, निळा आला की तोच रस्ता नव्यानं राहून जाई. मतदार मात्र जागरूक. १८९६ साली तर मतदारांपेक्षा मतं चोवीसनं जास्त पडली. (शेऱ्यात लिहिलं होतं, उत्साह.) डिसेंबरपर्यंत ताजुद्दीनला तिथली चर्चं, गिरण्या आणि भावकीची भांडणं तोंडपाठ झाली. स्वतःच्या तालुक्याविषयी त्याला यातलं निम्मंही माहीत नव्हतं.

त्यातच त्याला झोझाफा भेटला. झोझाफा गॅन्यों, बटाट्याचा शेतकरी, पक्ष नाही. १९११ ते १९४५ नऊ वेळा उभा राहिला आणि पडत राहिला. सगळ्यात कमी मतं सदतीस, सगळ्यात जास्त एकसष्ट. दर निवडणुकीच्या टाइपाला बसताना ताजुद्दीनला वाटे, या खेपेला तरी. मग आकडा येई आणि त्याला खरोखर वाईट वाटे. तो त्याला झोझाफाचाचा म्हणू लागला. खोलीतला सोबती सदानंद, स्टोअरकीपर, रात्री जेवताना चाचांची खबर विचारी, आणि पडले म्हटल्यावर एक पोळी जास्त खाई.

जानेवारीत लढाई लागली. कंपनीनं सूचना काढली: एक, घाबरू नये. दोन, काचांना चिकटपट्टी लावावी. तीन, विषारी वायूपासून बचावाचे मास्क मिळतील; दाढी असल्यास मास्क घट्ट बसत नाही, तरी दाढी काढावी. ताजुद्दीननं सतरा वर्षांची दाढी काढली. मास्क दोन आले. ते दोन्ही घेऊन मस्यूसाहेब सल्लामसलतीसाठी जेद्दाला गेले. जाताना इतिहास पुरा करून ठेवायला सांगितलं, आणि सही परत आल्यावर होईल असा धीरही दिला.

पुढल्या सहा आठवड्यांत सायरन तेवीस वेळा वाजला. क्षेपणास्त्रं दुसरीकडं जात होती, पण सायरन सगळ्यांना समान मानत होता. कॅम्पात लढाईनं केलेली हानी अशी: चहाचा एक ग्लास आणि १९३५ ची निवडणूक. चौदाव्या सायरनला, दुपारी, ताजुद्दीन टेबलाखाली शिरताना ग्लास वहीवर लवंडला. जुन्या निवडणुकांच्या नोंदींची ही वही मस्यूसाहेबांच्या आजोबांच्या हातची, शाईची, आणि दुसरी प्रत नव्हती. धोका टळल्याचा भोंगा झाला तेव्हा पानावर गोड चहाचा डाग आणि खाली एकूण मतांचा आकडा, एवढंच उरलं होतं. कोण जिंकलं ते गेलं.

ताजुद्दीननं पान पंख्याखाली वाळवून पाहिलं. पान कोरं ठेवावं तर इतिहास अपुरा. इतिहास अपुरा तर सही नाही, आणि सही नाही तर निदा मासेवाल्याची. त्यानं कागद चढवला आणि १९३५ साली झोझाफा गॅन्यों यांना निवडून दिलं. उगाच फार नाही, अकरा मतांनी. बेरीज नीट जुळली.

संध्याकाळी त्यानं सदानंदला हे सांगितलं. सदानंदनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, मग विचारात पडला. १९४० ला चाचा परत पडतात, ते तर वहीत स्पष्ट होतं.

"ताजूभाय, निवडून आणलंस ते बरं केलंस," तो म्हणाला, "पण पाच वर्षांत काय काम केलं ते नको दाखवायला? नायतर लोक म्हणतील, हा पण तसलाच."

हे पटण्यासारखं होतं. बटाट्याच्या शेतकऱ्यानं काय करावं यावर ताजुद्दीननं विचार केला आणि त्याला आपल्या मोहल्ल्यापुढची खाडी आठवली. एस.टी. अलीकडं थांबते, घरं पलीकडं. भरतीला कमरेएवढं पाणी. साध्या साकवासाठी, पायी ओलांडायच्या पुलासाठी, त्याच्या वडिलांनी अर्ज केले होते, मग त्यानं केले. शेऱ्याच्या रकान्यात त्यानं टाइप केलं: या सदस्यांनी खाडीवर साकव बांधला. मजबूत, दोन्ही बाजूंना कठडा, डोक्यावर ओझं असलेल्या बायकांना सोयीचा. (सां-फिर्मां समुद्रापासून तीनशे किलोमीटरवर आहे.) १९४० च्या शेऱ्यात लिहिलं: साकव झाल्यामुळं लोकांना आता त्यांची गरज वाटेना. हे वाक्य लिहिताना त्याला कुणाकडून शिकावं लागलं नाही.

फेब्रुवारीअखेर लढाई खलास झाली. मस्यूसाहेब परतले, मास्क कोरे करकरीत. त्यांनी इतिहास वाचायला घेतला आणि ताजुद्दीन समोर उभा राहिला. १९३५ च्या पानावर साहेब थांबले.  ताजुद्दीनची रजा, इकामा म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, सगळंच त्या पानावर होतं.

"आजोबा पक्के लाल पक्षाचे, पण या वर्षाबद्दल कधीच बोलत नसत," मस्यूसाहेब शेवटी म्हणाले. "का ते आता कळलं."

त्यांनी चष्मा पुसला. लहानपणी त्या साकवावरून आपण शाळेत जात होतो, असंही त्यांना आठवलं. कठड्याला हिरवा रंग होता. मग त्यांनी सही केली.

बाकीचं दोन महिन्यांत झालं, म्हणजे लवकरच. कफीलच्या कार्यालयानं नवा फोटो मागितला. तो बिनदाढीचा निघाला, म्हणून कागद आणि माणूस एकच दिसावेत यासाठी ताजुद्दीनला घरी पोचेपर्यंत रोज दाढी करावी लागली. कागदाला दाढी उगवण्याची सोय नव्हती.

मेमध्ये तो एस.टी.तून उतरला तेव्हा गावात निवडणूक होती. एक जीप कर्ण्यावरून ओरडत होती, आणि जीपमधल्या माणसानं त्याच्या हातात उमेदवाराची पुस्तिका कोंबली. मुखपृष्ठावर उमेदवारांचा फोटो, हात जोडलेले, दाढी घनदाट. समोर खाडी, भरती लागलेली. पलीकडच्या काठावर अमिरुन्निसा कडेवर पोर घेऊन उभी होती. साकव नव्हता.

टायपिस्टाची सवय, त्यानं पुस्तिका उघडलीच. कामगिरीची यादी होती. क्रमांक चौदा: मोहल्ल्याच्या खाडीवरील साकव, पूर्ण. मजबूत, दोन्ही बाजूंना कठडा. दुरुस्ती दोन वेळा.

ताजुद्दीननं ते दोनदा वाचलं. राग यायला हवा होता, आला नाही. हे कुणीतरी टाइप केलं असणार, आणि तोही कुणाच्या तरी सहीची वाट बघत असणार. टाइप स्वच्छ होता, खाडाखोड नव्हती. त्यानं बॅग डोक्यावर घेतली, पुस्तिका दातात धरली आणि पाण्यात शिरला.

पलीकडं निघाला तेव्हा कमरेपर्यंत भिजला होता. अमिरुन्निसानं त्याच्या तुळतुळीत गालांकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. त्यानं बॅग खाली ठेवली, तोंडातली पुस्तिका हातात घेतली आणि हात पुढं केले. निदानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिची नजर त्याच्या हातावर गेली, चेहरा खुलला, आणि मुखपृष्ठावरच्या फोटोवर बोट ठेवून ती म्हणाली, "अब्बा."

निदाला तेव्हा दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. वाचकांनी हसण्याआधी आपलं वय आणि आजवर दिलेली मतं एकदा मोजून घ्यावीत.