हरिहरशेटच्या साड्या आणि तो रुमालवाला

तान्या, आधी सगळं ऐक, मग हसायचं तर हस!

भिजलेला माल सुकवण्यात कल्याणपासून ठाण्यापर्यंत माझ्या तोडीचा माणूस नाही. हे मी आजही छाती ठोकून सांगतो! अरे, आम्ही कोळी. आमच्या पिढ्यान् पिढ्या बोंबील सुकवण्यात गेल्या. वारा कुठून सुटला, ऊन कधी चावतं, माल कधी पलटायचा, हे आमच्या पोरांना बाराखडीच्या आधी येतं. मग बोंबलाचं जमतं तर साडीचं का नाही जमणार?

तर झालं काय, फडके रोडवर हरिहरशेटचं साड्यांचं दुकान आहे ना, त्याच्या डोक्यावरची पाण्याची टाकी फुटली. ऐन लग्नसराईत तीनशे साड्या चहातल्या खारीसारख्या लगदा! मी आणि माझा चुलतभाऊ दामाजी टेम्पो घेऊन तिथेच भाड्याची वाट बघत उभे होतो. शेटने विमा उतरवलेला, म्हणून कंपनीकडून नुकसान तपासायला सरोजमॅडम आलेल्या.

मॅडम म्हणाल्या, "माल सुकवायला कंपनीच्या यादीत एकच नाव आहे, ठाण्याचा सुधीर. तो आठ दिवसांनी येईल."

"आठ दिवसांत साड्यांना शेवाळ धरेल हो!" शेट रडायचाच बाकी होता.

मी टुणकन पुढे. "शेट, दोन दिवसांत कडकडीत करून देतो!"

शेटने मला नखापासून केसापर्यंत बघितलं. "तू कंपनीचा?"

"नाही."

"मग विश्वास कसा ठेवू?"

"कंपनीवर ठेवा मग. आठ दिवस आहेतच!"

मॅडम हसल्या. "शेट, माल तुमचा, मर्जी तुमची. शनिवारी मी तपासीन. आणि काम पास झालं ना, तर यादीत दुसरं नाव याचं घालीन."

यादीत नाव! तान्या, माझ्या पोटात फुलबाजे उडाले रे! कारण आईने बजावलेलं, होळीपर्यंत धंद्याचं काही खरं दिसलं नाही तर गुपचूप होडीवर जायचं. आणि मला होडी लागते! कोळ्याच्या पोराला होडी लागते, हे गावात कुणाला बोलू नको, शप्पथ आहे तुला.

लगेच टेम्पो भरला आणि मोठागावच्या खाडीवर आणला. तिथे आमच्या वलांड्या आहेत, बोंबील टांगायचे बांबूचे मांडव. त्यावरचे बोंबील उतरवून कोठीत भरले, बांबू साबणाने घासले, नव्या दोऱ्या बांधल्या, रेशमाला ऊन नको म्हणून वर जुनं शीड ताणलं. आणि टांगल्या साड्या! शालू, पैठण्या, नारायणपेठी. खाडी स्वतःचंच लग्न असल्यासारखी दिसायला लागली!

पहिल्याच दुपारी मला तो दिसला.

वरच्या रस्त्यावर स्कूटर. स्कूटरवर माणूस. आणि माणसाच्या तोंडावर रुमाल! नाकापासून हनुवटीपर्यंत गच्च!

"दाम्या, तो बघ! तोंड का झाकलंय त्याने?"

"धूळ असंल."

"खाडीवर कुठली धूळ? तोंड चोर झाकतात! हा त्या सुधीरचा माणूस आहे. आपलं काम बिघडवायला आलाय!"

मी "कोण रे तो!" म्हणून ओरडलो. तो हात हलवत खाली यायला लागला. मी कुत्रं सोडलं. गेला पळून! संध्याकाळी परत आला. परत रुमाल! दुसऱ्या दिवशी सकाळी परत! सरळ माणूस तीनदा तोंड झाकून येतो का, तूच सांग!

दुपारपर्यंत साड्या पापडासारख्या झाल्या होत्या. पण डोक्यात किडा वळवळत होता. उद्या शनिवार. आज याने एक काडी टाकली की संपलं! गावात कुलूप असलेली जागा एकच, आमची बोंबलाची कोठी. सगळ्या साड्या घड्या घालून आत नेल्या, बोंबलाच्या ढिगाशेजारी रचल्या, दणदणीत कुलूप लावलं.

आई म्हणाली, "आरं कान्ह्या, आत कनाला ठेवतस? भायेर बऱ्या हायेत की."

"आई, तुला धंदा कळत नाही!"

शनिवारी थाटात दुकानात गेलो. साड्यांची चळत गादीवर लावली. सरोजमॅडमनी एक पैठणी दोन तळव्यांत दाबून बघितली. "वा! थेंब नाही ओल." माझी छाती फुगली. मग त्यांनी पैठणी डोळ्यांजवळ नेली, जरीकाम बघायला.

आणि हळूच पर्समधून रुमाल काढून नाकावर धरला.

मी चपापलो. तेवढ्यात शेटने उपरण्याचं टोक तोंडावर घेतलं. मग दोन गिऱ्हाइकं, त्यांनी पदर! मग गल्ल्यावरचा मुनीम! एकेक जण तोंड झाकत चाललेला! आणि दारातून तो शिरला, स्कूटरवाला! तोच रुमाल!

तान्या, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अख्खं दुकान सामील!

मी ओरडलो, "दाम्या, दार लाव! ही एकच टोळी आहे!"

मॅडम रुमालातूनच म्हणाल्या, "अहो, दार लावू नका! आम्ही मरू!"

"का? पकडले गेलात म्हणून?"

"वास येतोय हो! बोंबलाचा!"

मी दाम्याकडे बघितलं. दाम्याने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी पैठणी हुंगली. काय सांगू, नवीन साडीचा वास! दुसरा कसलाच नाही! अरे, जन्मल्यापासून त्याच हवेत श्वास घेतोय, आम्हाला काय कळणार? पण तेवढ्यात दारात तीन मांजरं येऊन बसली आणि पैठणीकडे बघून ओठ चाटायला लागली. मांजरांवर तरी संशय कसा घेऊ?

शेट डोकं धरून बसला. "या साड्या नेसून नवरी बोहल्यावर चढली तर मंगलाष्टकं मांजरं म्हणतील रे!"

स्कूटरवाल्याने रुमाल खाली केला. "मी सुधीर. यादीतला."

"बघा! मी म्हणालो नव्हतो? तीन वेळा हेरगिरीला आला होतास!"

"मॅडमकडून तुझं कळलं, म्हणून तुला विचारायला आलो होतो बाबा! माझं सुकवायचं मशीन बंद पडलंय. कंपनीची कामं माझ्याकडे, पण सुकवायला जागा नाही. तुझ्या मांडवावर भागीदारीत करू म्हटलं, तर तू कुत्रं सोडलंस! आणि नाक झाकलं नसतं तर मी तिथेच आडवा झालो असतो."

मॅडमनी कागद काढला. "सुकवण्याचं काम उत्तम. पण वासाचं काय? सुधीर, निघेल?"

"निघेल. रिठ्याने धुवायच्या आणि मोकळ्या वाऱ्यावर दोन दिवस टांगायच्या." आणि हा गृहस्थ माझ्याकडे बघून हसला! "कोठीत न ठेवता."

यादीत नाव आलं नाही. मॅडमनी एवढंच केलं, सुधीरच्या नावाखाली पेन्सिलीने माझं नाव लिहिलं. पेन्सिलीने, तान्या! म्हणजे खोडता येईल असं!

काल सुधीर भागीदारीचा कागद घेऊन घरी आला. मी तो तीनदा वाचला. उलटा करून बघितला, उजेडात धरला, दाम्याला चाटूनसुद्धा बघायला लावला. कुठेच खोट सापडेना. म्हणूनच तर जास्त संशय आला! एवढा सरळ कागद कोण देतं?

पण इकडे आई अंगणात माझ्यासाठी होडीला डांबर फासत होती. बोंबलाचा वास मला कळत नाही, पण तो डांबराचा वास बरोब्बर नाकात शिरला. एका हाताने रुमाल नाकावर धरला आणि दुसऱ्याने सही केली.

आता तूच सांग, तू असतास तर काय केलं असतंस?