विनासंवाद चित्रपटास मंजुरी देण्याबाबत

दिग्दर्शकाने वडील गेल्यानंतरच्या आपल्या आईवर, राहत्या घरातच, एक लघुपट केला आणि त्यात एकही संवाद घातला नाही. स्वयंपाकघरात सकाळचे ऊन येते, वडिलांच्या रिकाम्या खुर्चीवर रेंगाळते आणि निघून जाते. चहात साखर ढवळताना होणारी त्यांच्या चमच्याची किणकिण आता ऐकू येत नाही. शेवटी, संध्याकाळच्या अंधारात, आई त्यांचा रिकामा कप काढते आणि त्यात नुसताच चमचा फिरवते. एवढेच. घरी तो पाहून झाल्यावर आईने लेकाच्या पाठीवरून हात फिरवला.

परीक्षण मंडळापुढे मात्र पेच पडला. मंडळ संवाद तपासत असे, आणि इथे तपासण्याजोगे काहीच नव्हते. ही बाब गंभीर होती. अध्यक्षांनी दिग्दर्शकाला बोलावून घेतले.

"बाई रिकाम्या कपात चमचा का फिरवतात? साखर संपलीय का?"

"तिला तो आवाज ऐकायचाय, साहेब."

"मग तसं बोलायला सांगा की त्यांना."

दिग्दर्शकाने परोपरीने समजावले. मंडळाने सहानुभूतीपूर्वक विचार करून पडद्यामागून निवेदन जोडण्याचे सुचवले. मंजुरीशिवाय खेळ लागणार नव्हता, आणि आईने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकले होते. त्याने निवेदन जोडले: 'ही खुर्ची रिकामी आहे, कारण या बाईंचे यजमान वारले आहेत.' त्यावर, चमच्याच्या आवाजाने निवेदनात व्यत्यय येतो, असे ध्वनी उपसमितीच्या निदर्शनास आले. आवाज काढला. प्रकाश उपसमितीचे म्हणणे पडले की, संध्याकाळ झाल्याचे निवेदक सांगतोच आहे, मग वर अंधाराची द्विरुक्ती कशाला? सर्व प्रसंगांत एकसारखा लख्ख उजेड करण्यात आला. मंजुरी मिळाली, सोबत शेराही: 'मौनाचा उत्कट आविष्कार'.

पहिल्या खेळाला आई पुढच्या रांगेत बसली. मध्येच लेकाच्या कानाशी लागून तिने विचारले, "घर छान आहे. कोणाचं रे?"

त्याने मागे वळून पाहिले.

मागे प्रेक्षक मोबाइलमध्ये मान घालून बसले होते. बाहेर पडताना एका गृहस्थांनी त्याचा हात प्रेमाने दाबला. "एकदाही वर बघावं लागलं नाही, तरी सगळं समजलं. असे सिनेमे निघाले पाहिजेत."

ज्या वाचकांनी मधला मजकूर गाळून थेट इथे उडी मारली आहे, त्यांच्या सोयीसाठी निवेदन: आईला वाईट वाटले आहे.