कानाला कान

आमच्या खामगावातले सुपडाभाऊ गाडीचे जुने भाग विकत नाहीत, उजवतात. लेकीसारखे.

तुम्ही आरसा मागा, नाहीतर दाराची मूठ मागा, पहिला प्रश्न ठरलेला. "कोणत्या पिढीतली?" कारण एकाच नावाची गाडी कंपनी काही वर्षांनी नव्या रूपात काढते. नाव तेच, पण आतले जोड बदललेले. ज्या टोकांत बोल्ट बसतात त्यांना सुपडाभाऊ 'कान' म्हणतात, आणि ते मोजायला खिशात गाठी मारलेली सुतळी बाळगतात. टेप आहे, पण तो गिऱ्हाइकाला दाखवायला.

मी शाळेत भूमिती शिकवतो. त्यामुळे मापात मला कोणी फसवणार नाही, असा माझा समज होता. गाडीचा डावा हेडलाइट फुटला तेव्हा मी मोबाइलवर फोटो पाहून नवा मागवला. तेच नाव, तोच चेहरा. पण बसेना! बायको म्हणाली, "फोटो पाहून मीही तुम्हाला हो म्हटलं होतं." मी हेडलाइट काखेत मारून मुकाट्यानं सुपडाभाऊंकडे गेलो.

त्यांनी सुतळी लावली. "काऊन हो सर, चेहरा पाहून सोयरीक केली? हा पुढच्या पिढीतला हाय. कान पाहा, कुठल्या कुठं!"

"थोडं घासलं तर..."

"घासाचं नाही! घासून जुळवलेली सोयरीक पहिल्याच खड्ड्यात खडखडते. कानस पाहिजे असन त बाजूच्या रफीकभाईकडं जा. माह्या दुकानात ते नाही."

वरच्या फळीवर फडक्यात अर्धवट गुंडाळलेला एक हेडलाइट होता, थेट माझ्या पिढीचा. मी बोट दाखवलं.

"तो नाही. तो संतोषचा."

संतोष म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्याला असतो. त्याचीही गाडी माझ्यासारखीच होती. काही मोडलं की "बाबा, अमुक पाहिजे" म्हणून फोन यायचा, आणि ते न्यायला तो स्वतः यायचा. दोन दिवस राहायचा. म्हणून सुपडाभाऊ त्याचं काही मोडायच्या आधीच भाग काढून ठेवत.

"आता त्यानं नवी घेतली. नाव तेच हाय," ते म्हणाले, "पण पिढी बदलली." मग मला दुसरा हेडलाइट शोधून देताना हळूच सुतळी पुढे केली. "तुम्ही लेकीकडं पुण्याले चालले न? त्याच्या गाडीचे कान मोजून आणसान?"

"त्यालाच विचारा की फोनवर."

"तो म्हणते, कंपनीवाले पाहतात, बाबा. तुम्ही नका डोकं लावू."

पुण्यात संतोषच्या इमारतीखाली बॉनेट उघडून, त्यात डोकं खुपसून मी भूमिती करत होतो. सुतळी पाहून संतोष हसला. "अजून हीच वापरतात?" त्यानं दुसरं टोक धरलं. "मोजा सर. पण गाडी नवी आहे, काही लागायचं नाही."

परत आल्यावर सुपडाभाऊंनी फळीवरचा हेडलाइट उतरवला, फडकं सोडलं, त्यावर मी गाठ मारून आणलेली सुतळी ताणली. दीड बोटाचा फरक. दीड बोट कानशीनं निघत नाही, हे भूमिती न शिकलेल्यालाही कळतं.

"दुसरं टोक कोणं धरलं होतं?"

"संतोषनं."

"हाव का?" त्यांनी ते टोक जरा वेळ चिमटीत धरलं. मग दाराशी जाऊन हाक मारली.

"रफीकभाई, तुमची कानस द्या हो जरा. थोडं घासलं त बसते."