कुठलं आरिलाख?

निमकरांना पत्ता सांगणं म्हणजे तोंडी परीक्षा. दुबईतल्या देरा भागात, आमच्या कार्गो ऑफिसात पहिल्या दिवशी मी म्हणालो, "मी वडगावचा," तर त्यांनी हातातली फाइल मिटली. "कुठलं वडगाव? बुद्रुक, खुर्द, की मावळातलं? नुसत्या नावावर माणूस पोचत नाही, साहेब."

आणि हा माणूस राहायला दुबईत, जिथे तेव्हा घराचा पत्ता म्हणजे 'सुपरमार्केटच्या मागे, पिवळी बिल्डिंग'. अल कुसैसला त्यांच्याकडे जेवायला जायचं तर आधी हातानं काढलेला नकाशा यायचा, उत्तरेच्या बाणासकट. स्वयंपाकघरातल्या डब्यावर चिठ्ठी : 'हळद. फळी दुसरी, डावीकडून तिसरी.' वहिनी म्हणायच्या, "एक दिवस मलाही चिकटवतील."

रोज ते माझ्या गाडीतून ऑफिसला यायचे. त्या वर्षांत रशियाकडच्या व्यापारी बायका देरात गठ्ठ्यांनी माल घ्यायच्या आणि आमच्यामार्फत विमानानं पाठवायच्या. त्यातली नीना याकुतियाची, म्हणजे सैबेरियाच्या पार पलीकडच्या टोकाची. दिसायला नेपाळी, बोलायला रशियन, थोडं इंग्रजी आणि बाकी हातवारे. तिचं गाव आरिलाख. पहिल्याच भेटीत निमकरांनी विचारलं, "विच आरिलाख?" ती हसतच सुटली. तिच्या मुलखात त्या नावाची बरीच गावं होती, एकमेकांपासून शेकडो मैलांवर. आरिलाख म्हणजे बेट असलेलं. तळ्यात बेट दिसलं की गावाला तेच नाव. "आपल्या वडगावसारखंच की हो!" निमकर दिवसभर खूश.

दहावीनंतर त्यांनी मुक्ताला, एकुलत्या एका मुलीला, पुण्याला होस्टेलवर पाठवलं. सकाळी तिला विमानात बसवून ते थेट ऑफिसात आले. मी विचारलं, "गेली का मुक्ता?"

"गेली. विमान वेळेवर होतं." आणि फाइल उघडली.

थोड्या वेळानं नीना आली. गावच्या शाळेतल्या मुलांसाठी जाड जॅकेटांचे चार गठ्ठे घेऊन. मी गोदामात गेलो, त्यामुळे पुढचं काही पाहिलं नाही.

दीड महिन्यानं फॅक्स आला. जॅकेटं आरिलाखला पोचली होती, पण भलत्याच. कागदावर जिल्हाच लिहिलेला नव्हता.

मॅनेजर म्हणाला, "आरिलाख लिखा था, आरिलाख पहुँचा. खलास."

"खलास कसं?" निमकर उसळून चक्क मराठीत बोलले. "चूक माझी आहे. मी विचारलं नाही."

आठवडाभर त्यांनी जेवणाचा डबा तसाच परत नेला. मग एका दुकानातल्या रशियन मुलीकडून त्या भलत्या आरिलाखच्या शाळेला पत्र लिहून घेतलं : माल चुकून तुमच्याकडे आलाय, ज्यांचा आहे ती मुलं थंडीत आहेत. सोबत नकाशा. उत्तर आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नीना दारात दिसली आणि निमकर ताडकन उभे राहिले. "मॅडम, व्हेरी सॉरी…"

तिनं त्यांना हातानंच थांबवलं. हातवाऱ्यांनी सांगू लागली. नदी गोठली, बर्फावरून एक ट्रक आला, त्यात निम्मी जॅकेटं. उरलेली तिकडच्या पोरांच्या अंगावर होती, ती कशी काढून घेणार? तिच्या शाळेतली मुलं पाळीपाळीनं जॅकेट घालून अंगणात खेळायला जात होती.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दॅट डे, ही क्राय. डॉटर गो. आय क्राय ऑल्सो. नोबडी आस्क, विच आरिलाख."

निमकर टेबलावरचा स्टेपलर सरळ करत होते. सहा वर्षं रोज गाडीत शेजारी बसवून नेणाऱ्या मला 'विमान वेळेवर होतं', आणि धड भाषा न कळणाऱ्या या बाईला सगळं.

निघताना तिनं एक पुडकं ठेवलं. "फॉर डॉटर." आत रेनडिअरच्या कातड्याचे केसाळ हातमोजे. पुण्यातल्या मुलीला!

संध्याकाळी अल कुसैसच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. जुलैचं ऊन काचेतून मांडीवर येत होतं. निमकरांनी पुडकं सोडलं.

"रोज फोन करतो," ते बाहेर बघत म्हणाले. "म्हणते, 'बाबा, आय ॲम फाइन, प्लीज डोन्ट कॉल एव्हरी डे.'"

त्यांनी एक मोजा हातात चढवला, बोटं आत हलवून पाहिली.

"एसी जरा वाढवा," ते म्हणाले, आणि दुसराही घातला.