खोकून पारखलेली इमारत

आमचे दाजी इमारत खोकून पारखतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शिरोली एमआयडीसीतलं वर्कशॉप पोराच्या हवाली केलं आणि भाडेकरूंसकट एखादी छोटी इमारत विकत घ्यायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. चारच फ्लॅट हवेत, तेही वन बीएचके. माझा जन्म बँकेत घरकर्जाची कागदपत्रं तपासण्यात गेलेला, त्यामुळे बघायला जाताना मी बरोबर असायचोच. भाडं किती येतं, घरफाळा भरलाय का, गच्ची गळते का, असं मी विचारत फिरायचो. दाजी मात्र मधल्या जिन्यात उभे राहत, छातीवर हात ठेवत आणि आता जीव जातोय की काय असं खोकत. मग दारांकडे बघत. एकही उघडलं नाही की, "नापास! चल."

कळंब्याची इमारत मला फार आवडली होती. नवी, कोरडी, भाडेकरू वेळेवर पैसे देणारे. दाजी खोकले. एक दार किलकिलं झालं आणि आतून कडी लागली.

"अवो पावणं, करोनापास्नं खोकल्याला दारं उघडत न्हाईत, मिटत्यात," एजंट वैतागला. "माल बघा की जरा!"

"आरं, माल म्हंजे माणसंच की!" दाजी जिना उतरता उतरता गरजले.

एजंटानं त्यांचं नाव 'खोकला पार्टी' ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग उचगावची इमारत आली. रंग उडालेला, गच्चीत ओल, वरचा एक फ्लॅट रिकामा. मी मनातल्या मनात फुली मारून मोकळा झालो. दाजी खोकले मात्र, खालच्या कमलताई पिठाच्या हातानं तांब्या घेऊन धावल्या. समोरचा रात्रपाळी करून झोपलेला फाउंड्रीतला गडी डोळे चोळत आला आणि दाजींची पाठ चोळायला लागला. वरून नर्सिंग शिकणारी पोरगी अनवाणीच उतरली आणि तिनं थेट नाडी धरली.

दाजींनी तांब्या रिकामा केला, मिशा पुसल्या आणि कुस्ती मारल्यासारखा हात वर केला. "पास!"

"दाजी, गच्ची गळतीय."

"गच्चीला सिमेंट लावता येतंय. बंद दाराला काय लावायचं?"

व्यवहार झाला. रिकाम्या फ्लॅटला भाडेकरू शोधू का, म्हणून मी विचारलं.

"नगं. तिथं मी ऱ्हाणार हाय."

"एवढा मोठा बंगला सोडून?"

"तुझी अक्का हुती तवा मी नुसता खाकरलो तरी आतनं वरडायची, पाणी घ्या की! आता दिवसभर खोकलं तरी कोण इचारत न्हाय रं."

इतके दिवस मी गच्च्याच तपासत होतो.

परवा त्यांच्या नव्या घरी गेलो. तिथं ते आता सगळ्यांचे आप्पा झाले होते. चहा पिता पिता दाजींनी मला डोळा मारला आणि ते दणकून खोकले.

खालून कमलताईंचा आवाज आला, "आप्पा, खरं का खोटं?"

"खोटं!"

"मग तरीबी पाणी घ्या की!"

दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू अख्खं कोल्हापूर त्यांनी जिंकलं होतं. मग मुकाट्यानं उठून ते पाणी प्यायले.