रव्याखालचा कुपा

परक्याच्या ताटातली माशाची तळलेली तुकडी उचलून तिचा रवा नखाने खरवडणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. तांडेलकाका. ऐंशी सालानंतरची चार-पाच वर्षं मी मिरजोळ्याच्या एका कारखान्यात कारकून होतो आणि रत्नागिरीत काकांच्या घरी भाड्याने राहत होतो. मी बिनलग्नाचा, ते विधुर. त्यामुळे रविवारचं जेवण दोघांचंही खाणावळीत.

जेवण कसलं, शिक्षाच. होडीवर जन्म काढलेले काका जमिनीवर पाच मिनिटं टेकत नसत. बाहेर पाटीवर 'सुरमई थाळी' दिसली की भूक विसरून ते थेट गिऱ्हाइकांच्या ताटांवर. रव्याखाली मांस काळपट, म्हणजे सुरमईऐवजी स्वस्तातला कुपा मासा निघाला की निकाल लागे.

"ह्यो कुपा हाय. रवा लावला की सगळे भाऊ-भाऊ काय रे?"

मग खिशातून खडू निघे. 'सुरमई' पुसून तिथे 'कुपा'. मालक हात जोडी, तर काका म्हणत, "कुपा वाईट नाय. कुपा म्हणून वीक, मी दोन थाळ्या खातो." तीन खाणावळींनी आम्हाला बंदी केली होती. त्यात माझा अपराध काय, ते मला आजवर कळलेलं नाही. मी मुकाट बांगडा खाणारा माणूस.

उरली होती एस.टी. स्टँडजवळची एकच खाणावळ. एका रविवारी तिथे शेजारच्या बाकावर देवरूखकडचं नवं जोडपं बसलं होतं. मुलीच्या हातातला हिरवा चुडा ताजा. समुद्राच्या गावाला आलोय तर सुरमई खाऊ, असा हट्ट तिचाच. काका उठले. मी सदरा धरून ओढला, तो टर्रकन उसवला. तोवर रवा निघालाही होता.

"कुपा."

नवरा मालकावर चिडेल असं मला वाटलं. तो बायकोकडे बघून मोठ्याने हसला. "तुला माशातलं कळतं काय? खा आता कुपा, सुरमईच्या भावाने." इतरही हसले. मुलीने ताटातून हात काढून घेतला.

काकांचा चेहरा उतरला. "नाय नाय," ते घाईने म्हणाले, "चुकलो मी. डोळे गेले माझे. सुरमईच हाय. पारख बरोबर हाय तुझी, बाये. जेव तू."

मालक पळी हातात घेऊन बघत राहिला. मुलगी मात्र जेवू लागली.

काका न जेवताच बाहेर पडले आणि सुसाट चालू लागले. मी मागे धावत विचारलं, "खोटं का बोललात?"

"आमची हीपण देवरूखकडचीच," काका म्हणाले. "लग्नानंतर पहिल्यांदा बाजार केलान, तर सुरमई म्हणून कुपा घेऊन आली. फसवलं विकणारणीनं, आणि मी हसलो हिला. होडीवरच्या सगळ्यांदेखत." ते थांबले नाहीत. "पुढं बाजाराला यायची माझ्यासंगती. पण मासळीकडं नाय. मासळीबाजाराच्या दाराबाहेर पिशवी धरून उभी राहायची. आत चल म्हणून मी तिला एकदापण म्हटलं नाय."